टायर ‘अजून चालेल’ हे कोणी ठरवायचे?

पत्र

सप्रेम नमस्कार. मी मुरगूडला राहते आणि कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात काम करते. दुचाकीचा पक्का परवाना मला याच वर्षी मिळाला. मामांनी त्यांची २०१८ सालची १२५ सीसीची मोटारसायकल मला दिली आहे. ती बरीच वर्षे त्यांच्या अंगणात उभीच होती, त्यामुळे मीटरवर जेमतेम १४ हजार किलोमीटर आहेत. मृगाच्या पहिल्या सरीत कामावरून परतताना एका वळणावर मी मागचा ब्रेक दाबला आणि मागचे चाक बाजूला सरकले. पडले नाही, पण तेव्हापासून धास्ती बसली आहे. मागचा टायर मधोमध गुळगुळीत दिसतो. पुढच्याची नक्षी मात्र जवळपास नव्यासारखी आहे. गॅरेजचे मिस्त्री म्हणतात, मागचा अजून सहा महिने आरामात चालेल. मामा म्हणतात, पावसाळ्यात हवा थोडी कमी ठेव, पकड वाढते. एक सहकारी म्हणतो, गोटा झालेल्या टायरला नक्षी पाडून मिळते, नवा कशाला घेतेस? माझ्याकडे सध्या एकाच टायरपुरते पैसे आहेत. मी कोणाचे ऐकू? आणि रोज निघण्यापूर्वी काय पाहू? दोन्ही टायरचे फोटो सोबत पाठवत आहे.

— एक वाचक, मुरगूड (ता. कागल)

उत्तर

निर्णय आधी सांगतो, कारणे मागाहून देतो. दोन्ही टायर बदलावे लागतील, आणि तुम्ही ज्याला ‘नव्यासारखा’ म्हणता त्या पुढच्या टायरची मला मागच्यापेक्षा अधिक काळजी वाटते.

पुढच्या टायरच्या फोटोत बाजूच्या भिंतीवर, लंबगोल चौकटीत, २३१८ हे चार आकडे स्पष्ट दिसतात. त्यांतले पहिले दोन आकडे आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. म्हणजे हा टायर २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यात, जूनमध्ये, तयार झालेला आहे. गाडीबरोबर आलेलाच तो टायर असणार. रबर हे वापराने झिजते तसे नुसत्या काळानेही कडक होत जाते. ऊन आणि हवेतला ओझोन वायू त्याला आतून-बाहेरून पोखरतात, आणि त्यापासून बचाव व्हावा म्हणून रबरात जे मेणासारखे घटक मिसळलेले असतात ते टायर फिरता-दबता राहिला तरच पृष्ठभागावर येत राहतात. त्यामुळे वर्षानुवर्षे अंगणात एका जागी उभ्या राहिलेल्या गाडीचा टायर रोज धावणाऱ्या गाडीच्या टायरपेक्षा चांगला राहतो, हा समज उलटाच आहे. फोटो मोठा करून पाहिला तर खाचांच्या तळाशी आणि भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा दिसतात. नख लावून पाहा. नव्या टायरच्या रबरात नख किंचित रुतते, तुमच्या टायरवर ते घसरेल असा माझा अंदाज आहे. टायर बनवणाऱ्या कंपन्यांची सर्वसाधारण शिफारस अशी असते की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षांपुढे तो वापरू नये. मात्र दहा वर्षे ही शेवटची मर्यादा झाली. भेगा पडलेल्या टायरला ती लागू होत नाही.

आता पुढचा अधिक महत्त्वाचा का, ते सांगतो. ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढे सरकते आणि थांबवण्याचे बहुतांश काम पुढच्या चाकाकडे येते. मागचे चाक सरकले तर पुष्कळदा ते सावरता येते, आणि तुम्ही ते सावरलेतही. पुढच्या चाकाची पकड सुटली तर हँडल क्षणात दुमडते आणि काही करायला वेळच उरत नाही. ओल्या डांबरावर कडक झालेले रबर रस्त्याच्या खडबडीत पृष्ठभागात शिरू शकत नाही, मग त्यावरची नक्षी कितीही खोल असली तरी तिचा फारसा उपयोग होत नाही.

मागच्या टायरचा प्रश्न सरळ आहे आणि त्याचे उत्तर मोजून मिळते. टायरच्या भिंतीच्या वरच्या कडेला ठरावीक अंतरावर लहान त्रिकोण किंवा इंग्रजीतली टीडब्ल्यूआय ही तीन अक्षरे कोरलेली असतात. त्या खुणेपासून सरळ नक्षीकडे बोट नेले की मुख्य खाचेच्या तळाशी रबराचा एक छोटा उंचवटा सापडतो. नक्षीचा माथा झिजत झिजत या उंचवट्याला टेकला की टायर संपला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ प्रमाणे दुचाकीच्या टायरवर किमान ०.८ मिलिमीटर खोलीची नक्षी असावीच लागते. अर्थात ही कायद्याची किमान अट आहे. अनेक गाड्यांच्या पुस्तिकांमध्ये पुढे १.५ आणि मागे २ मिलिमीटर झाल्यावर टायर बदलण्यास सांगितलेले असते, आणि आपल्याकडच्या पावसात मी हाच आकडा धरून चालावे असे म्हणेन. तुम्ही तपासणी विभागात आहात, तेव्हा व्हर्नियर कॅलिपर तुमच्या हाताखालचा आहे. त्याच्या शेपटीकडून बाहेर येणारी पट्टी खाचेत सोडून खोली मोजा. मोजताना पट्टी त्या उंचवट्यावर टेकवू नका, आणि एका जागी मोजून थांबू नका. चाक फिरवून चार-पाच ठिकाणी, मध्यावर आणि दोन्ही कडांना, वेगवेगळी मोजमापे घ्या आणि सर्वांत कमी येईल तेच खरे माना. फोटोवरून पाहता तुमच्या टायरच्या मध्यावर १ मिलिमीटरही निघेल असे मला वाटत नाही.

झीज किती झाली याच्याइतकेच ती कुठे झाली हेही पाहण्यासारखे असते. तुमचा टायर मधोमध सपाट आणि कडांना भरलेला आहे, म्हणजे गाडी सरळ रस्त्यावर आणि बहुधा जादा हवेवर धावलेली आहे. पंपावर घाईत सर्वांच्याच चाकात सारखी हवा मारली जाते, त्याचा हा परिणाम असू शकतो. अशा चौकोनी झालेल्या टायरवर गाडी वळणात झुकताना आधी अडते आणि मग एकदम कलते. उलट, दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग भरलेला राहिला, तर हवा सतत कमी राहिली असे समजावे. एकाच ठिकाणी चपटा डाग दिसला, तर चाक ब्रेकने जाम होऊन घासले गेलेले असते. पुढच्या टायरवर लाटांसारखे चढउतार हाताला लागू लागले, तर शॉकअप, कोन सेट (हँडलच्या मानेतले बेअरिंग) किंवा चाकाचे बेअरिंग तपासून घ्यावे, कारण तिथे टायर बदलूनही दुखणे जात नाही.

त्या दिवशी चाक सरकले त्याचा सगळा दोष टायरवर टाकता येणार नाही. पावसाळ्याच्या पहिल्या सरीत उन्हाळाभर साचलेले तेल, धूळ आणि रबराचा चुरा पाण्यावर तरंगून वर येतो आणि रस्ता नंतरच्या संततधारेपेक्षाही अधिक निसरडा होतो. त्यात तुम्ही वळणात, गाडी झुकलेली असताना, मागचा ब्रेक दाबलात. १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना एकत्रित ब्रेक प्रणाली, म्हणजे सीबीएस, आणि त्याहून मोठ्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी प्रणाली, एप्रिल २०१९ पासून सर्वत्र सक्तीचे झाले. तुमची गाडी त्याआधीची असल्याने तिच्यात बहुधा दोन्ही नाहीत. मागचे चाक जाम होऊ द्यायचे की नाही हे पूर्णपणे तुमच्या पायावर आहे. म्हणून वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबून कमी करावा आणि वळणात शक्यतो ब्रेकला हातपाय लावू नये.

मामांचा सल्ला कुठून आला असावा हे मी समजू शकतो. चिखलाच्या रानात ट्रॅक्टरच्या चाकातली हवा कमी केली की चाक पसरते, रुतत नाही आणि ओढही वाढते, हा शेतकऱ्याचा रोजचा अनुभव आहे आणि तो खरा आहे. परंतु मऊ मातीचा नियम डांबरी रस्त्याला लागत नाही. रस्त्यावरचे पाणी बाजूला सारण्यासाठी टायरने त्यावर पुरेसा दाब द्यावा लागतो, आणि तो दाब मुख्यतः आतल्या हवेवर ठरतो. हवा कमी झाली की पाण्याचा थर फोडला जाण्याऐवजी टायर त्याच्यावर तरंगण्याची शक्यता वाढते, भार कडांवर जाऊन मधल्या खाचा आक्रसतात, वळणात गाडी डुलते, आणि पाण्याखाली न दिसलेल्या खड्ड्यात चाक आदळले की रिम थेट दगडाला भिडते. भिंती सतत वाकल्यामुळे टायर आतून तापतो तो त्रास वेगळाच. तेव्हा मामांचा मान राखून हवा पुस्तिकेप्रमाणेच ठेवावी.

सहकाऱ्याचा सल्ला मात्र मी कोणत्याही परिस्थितीत मानू देणार नाही. मालमोटारींच्या काही टायरमध्ये पुन्हा खाचा पाडता याव्यात म्हणून तळाशी जादा रबर दिलेले असते आणि तसे त्यांच्या भिंतीवर छापलेलेही असते. दुचाकीच्या टायरमध्ये असे जादा रबर नसते. नक्षीखाली पातळसा थर आणि त्याखाली लगेच नायलॉनच्या धाग्यांची वीण असते. तापवलेल्या पात्याने तिथे खाच पाडली की एक तर वीण कापली जाते किंवा तिच्यावरचे संरक्षण नाहीसे होते, आणि मग पाणी आत शिरून ती कुजते. वरून टायर देखणा दिसतो, हा त्यातला सर्वांत वाईट भाग.

राहता राहिले मिस्त्री. ते खोटे बोलत आहेत असे मी म्हणत नाही. आपल्या गॅरेजांमध्ये टायर संपला याचा अर्थ वीण दिसू लागली, असा धरण्याची जुनी रीत आहे, आणि उन्हाळ्यात, गावातल्या गावात, असा टायर सहा महिने ओढतात हेही खरे. परंतु ते सांगतात ते टायर फुटेल कधी याचे उत्तर आहे. पावसात तो थांबेल का, हा तुमचा प्रश्न वेगळा आहे. किलोमीटरवरून केलेला अंदाजही इथे निरुपयोगी आहे, कारण १४ हजार किलोमीटरमध्ये तुमचा एक टायर झिजून गेला आणि दुसरा न झिजता म्हातारा झाला.

पैशांबद्दल तुम्ही मोकळेपणाने लिहिलेत, म्हणून मीही तितक्याच मोकळेपणाने लिहितो. एकच टायर घेऊन पावसाळा काढण्याचा सल्ला मी देऊ शकत नाही. मागचा बदललात तर थांबवणारे चाक कच्चे राहते, आणि पुढचा बदललात तर मागचे चाक पुन्हा सरकेल, शिवाय पातळ झाल्यामुळे ते पंक्चरही सतत होईल. पुढच्या पगारापर्यंत गाडी घरी ठेवा आणि एसटीने जा. महिलांना तिकीट निम्मेच आहे. वेळ गैरसोयीची पडेल हे मान्य, पण प्रश्न एका महिन्याचा आहे.

टायर घेताना जुन्या टायरवरचाच आकार मागा. तुमच्या फोटोत तो ८०/१००-१८ आणि पुढे ५४पी असा आहे: रुंदी ८० मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीइतकीच म्हणजे १०० टक्के, रिम १८ इंचांची, ५४ म्हणजे त्या चाकावर जास्तीत जास्त २१२ किलो भार आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर वेगाची मर्यादा. दुकानदार ‘थोडा रुंद टाका, गाडी भारदस्त दिसते’ असे हमखास म्हणेल. रिमच्या मापापेक्षा रुंद टायर बसवला की त्याचा गोलवा बिघडतो, गाडी वळायला जड होते आणि कधी कधी टायर चेन कव्हरला घासतो, म्हणून नम्रपणे नकार द्या. बिल करण्यापूर्वी चार आकडी तारीख स्वतः वाचा, आयएसआय चिन्ह पाहा, आणि चाक बसवल्यावर भिंतीवरचा बाण गाडी पुढे जाण्याच्या दिशेलाच आहे ना हे तपासा. टायर ट्यूबचा असेल तर ट्यूबही नवीच घाला. जुनी ट्यूब ताणलेली असते आणि नव्या टायरमध्ये ती दुमडून बसते. ट्यूबलेस असेल तर व्हॉल्व्ह बदलून मागा, कारण त्याचेही रबर त्याच वयाचे आहे. आणि चाक खोललेलेच आहे तर त्याचे बेअरिंग आणि ब्रेकचे लायनरही त्याच वेळी पाहून घ्या.

नवा टायर साच्यातून निघताना गुळगुळीत असतो, त्यामुळे पहिले सुमारे दीडशे किलोमीटर ओल्या रस्त्यावर फार झुकू नका आणि एकदम ब्रेक मारू नका. याच्याशी जोडून एक तक्रार करून घेतो. गाडी धुऊन देणारे काही जण चाके काळी कुळकुळीत दिसावीत म्हणून टायरला चकाकी आणणारे द्रव फासतात आणि ते नक्षीवरही ओघळू देतात. तो भाग रस्त्याला टेकतो याचे भान कोणालाच नसते. धुवायला देताना ‘टायरला काही लावू नका’ असे स्पष्ट सांगावे.

हवेचा योग्य आकडा चेन कव्हरवरच्या किंवा मागच्या चाकाजवळच्या चिकटपट्टीवर आणि पुस्तिकेत मिळतो. १२५ सीसीच्या बहुतेक गाड्यांना एकट्यासाठी पुढे २५ आणि मागे २८-२९ पीएसआयच्या आसपास हवा लागते, आणि मागे कोणी बसणार असेल तर मागच्या चाकात त्याहून जास्त. तुमच्या गाडीचा नेमका आकडा पाहून तोच पाळा. मोजमाप टायर थंड असताना, म्हणजे सकाळी निघण्यापूर्वी, घ्यायचे असते. तापमान १० अंशांनी बदलले तर दाब सुमारे एक ते दीड पीएसआयने बदलतो, आणि गाडी धावून टायर तापला की तो आणखी चढतो. कामावरून येताना तापलेल्या टायरचा आकडा जास्त दिसला म्हणून हवा सोडू नका. काही शे रुपयांत मिळणारा हातातला दाबमापक घेऊन ठेवावा, कारण पंपावरचे काटे एकमेकांशी जुळतातच असे नाही. आठवड्यातून एकदा मोजणे पुरेसे आहे. एकच चाक दर आठवड्याला उतरत असेल, तर व्हॉल्व्हच्या तोंडावर आणि नक्षीवर साबणाचे पाणी टाकून बुडबुडे कुठे येतात ते पाहा, आणि व्हॉल्व्हचे टोपण कधीही उघडे ठेवू नका.

रोजची तपासणी दोन मिनिटांची आहे आणि ती गाडी मेन स्टँडवर लावूनच करायची. मागचे चाक हाताने पूर्ण फिरवा आणि नक्षीत खिळा, काच, खडा रुतलेला आहे का ते पाहा. वसाहतीतल्या रस्त्यांवर लेथची लोखंडी बर, म्हणजे कातकामातले धारदार तुकडे, पडलेली असते, आणि ती आत शिरायला वेळ घेते म्हणून संध्याकाळी निघतानाही एक नजर टाकलेली बरी. खिळा दिसला तर भररस्त्यात उपटू नका; ट्यूबलेस टायरमध्ये तो बसलेला असेतो हवा हळूहळू जाते आणि पंक्चरवाल्यापर्यंत पोहोचता येते. नक्षीवरचे पंक्चर काढता येते, भिंतीवरचे नाही. भिंतीवर कुठे फुगा आला असेल तर आतली वीण तुटलेली आहे असे समजावे, आणि त्या टायरवर गॅरेजपर्यंतही जाऊ नये. चेन मधोमध वर-खाली हलवून पाहा. साधारण २० ते ३० मिलिमीटर ढील असावी, नेमका आकडा पुस्तिकेत आहे. दोन्ही ब्रेक, मागचा लाल दिवा आणि इंडिकेटर पाहिले की निघावे.

तुमच्या रस्त्याबद्दल थोडे लिहितो, कारण तो ऊसपट्ट्यातला आहे. आता आषाढात चिखलणी सुरू झाली की रानातून बाहेर पडणारे ट्रॅक्टर डांबरावर चिखलाचे पट्टे सोडतात, आणि पाऊस थांबला तरी ते ओलेच राहतात. रानाची वाट रस्त्याला मिळते ती ठिकाणे लक्षात ठेवून तिथे आधीच वेग कमी करा. दिवाळीच्या सुमारास कारखाने सुरू झाले की ट्रॉल्यांतून पडलेला ऊस आणि पाचट चाकाखाली येते. उसाचे कांडे टायरखाली फिरते, आणि त्यावर ब्रेक दाबला तर चांगला टायरही काही करू शकत नाही. अंधारात बंद पडलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पन्हाळा किंवा गगनबावडा पाहण्याचा बेत असेल तर तो नव्या टायरचे पहिले काही आठवडे गेल्यावरच करा.

दुकानात जुने टायर तुमच्याकडून मागून घेतले जातील. पुढच्याची ‘नक्षी चांगली आहे’ म्हणून तो दुसऱ्या कोणाच्या चाकात जाण्याची दाट शक्यता आहे, तेव्हा तुमच्यासमोर त्याची कड करवतीने कापून द्यायला सांगा. घरी आणलात तर उघड्यावर टाकू नका. त्यात पावसाचे पाणी साचते आणि डास होतात.